प्रिंट स्क्रीन दाबलं, पण फोटो गेला कुठे?

महिन्याची वीस तारीख जवळ आली की माझ्या व्हॉट्सॲपवर मॉनिटरचे फोटो यायला लागतात. स्क्रीनशॉट नाही बरं का, फोटो. मोबाइल वाकडा धरून काढलेला, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, खाली चहाचा कप, आणि जी एरर वाचायची ती नेमकी अर्धी बाहेर. त्यावर अजून इंद्रधनुष्यासारख्या लाटा. मी एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात हिशोबाचं काम करतो, पण "याला कॉम्प्युटरचं कळतं" असा शिक्का एकदा बसला की बसला, मग क्लायंट असो की नातेवाईक, सगळ्यांचे फोटो माझ्याकडेच.

त्या लाटा कशाने येतात ते आधी सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं मोबाइलचा कॅमेरा खराब आहे. तसं काही नसतं. मॉनिटर म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे पण ठिपक्यांचीच जाळी. खिडकीला डासांची जाळी दुहेरी लागली आणि एक जरा तिरकी असली की त्यात कशा नागमोडी रेघा दिसतात, हलवलं की त्या पण हलतात, अगदी तेच होतं इथे. दोन्ही जाळ्या चांगल्या आहेत, एकमेकींवर आल्या म्हणून गोंधळ. त्यामुळे कितीही महाग मोबाइल घ्या, स्क्रीनचा फोटो तो फोटोच. आणि ज्या मशीनवर एरर आली तिलाच स्वतःचं चित्र काढता येतं, तेही दोन-तीन बटणांत, तर मध्ये मोबाइल आणायचा कशाला?

आता हे मी आमच्या आत्याला फोनवर समजावत होतो. आत्या रिटायर्ड शिक्षिका, सध्या तिच्या सोसायटीचे हिशोब बघते, तिच्या एक्सेलमध्ये काहीतरी येत होतं ते मला बघायचं होतं. मी म्हटलं, अगं कीबोर्डवर उजवीकडे वर बघ, पीआरटीएससी लिहिलेलं बटण असेल, ते दाब.

"दाबलं."

"हं, झालं."

"काय झालं? काहीच झालं नाही. अरे बटण बिघडलंय हे, मी चार वेळा दाबलं."

"बिघडलं नाहीये आत्या, आता पेंट उघड."

"पेंट कशाला? मला काय चित्र काढायचंय?"

हसू नका, तिचं बरोबर आहे. बटण दाबलं, आवाज नाही, मेसेज नाही, डेस्कटॉपवर फाइल नाही, तर माणसाने काय समजायचं? स्क्रीनशॉटचे शॉर्टकट पाठ करणं अवघड नाही, मोजून चार-पाच आहेत. लोक अडकतात ते एकाच जागी, काढलेलं चित्र गेलं कुठे हे कळत नाही. ते एकदा कळलं की सगळे शॉर्टकट आपोआप डोक्यात बसतात, म्हणून मी यादी द्यायच्या आधी तेच सांगतो.

चित्र दोनपैकी एका ठिकाणी जातं, कधीकधी दोन्हीकडे. एक तर फाइल होऊन एखाद्या फोल्डरमध्ये जातं, नाहीतर क्लिपबोर्डवर जातं. फाइल म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. क्लिपबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरची मूठ समजा. तुम्ही काही कॉपी केलं की ते त्या मुठीत धरलं जातं, कंट्रोल + व्ही केलं की मूठ उघडून ते तिथे ठेवलं जातं. मूठ एकच, त्यात वस्तू पण एकच, नवीन काही उचललं की आधीचं गेलं. आणि हे सगळं मेमरीत, म्हणजे रॅममध्ये असतं, डिस्कवर नाही, त्यामुळे मशीन बंद केलं की मूठ रिकामी. बाहेरून बघून आत काय आहे ते कळत नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तसं. आत्याने चार वेळा बटण दाबलं तेव्हा चार वेळा चित्र निघालं होतं, आधीच्याला ढकलून पुढचं, आणि शेवटचं मुठीत तसंच बसून होतं. पेंट उघडायला सांगितलं ते एवढ्यासाठीच, की मूठ उघडायला काहीतरी जागा पाहिजे. पेंटच पाहिजे असं नाही, व्हॉट्सॲप वेबमध्ये चॅट उघडून कंट्रोल + व्ही केलं तरी चित्र थेट तिथे येतं, जीमेलच्या मेलमध्ये येतं, वर्डमध्ये येतं. मी कित्येक माणसं बघितलीयेत जी आधी पेंटमध्ये पेस्ट करतात, मग सेव्ह करतात, मग ती फाइल शोधतात, मग मेलला अटॅच करतात. अहो, मधले तीन स्टॉप कशाला घेताय, थेट गाडी आहे.

आता या बटणाचं नाव प्रिंट स्क्रीन का, कारण प्रिंट तर काही होत नाही. एके काळी खरंच व्हायचं. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला त्याच्या कीबोर्डवर हे बटण होतं, आणि विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यात शिफ्ट धरून ते दाबलं की स्क्रीनवरचा मजकूर सरळ प्रिंटरवर जायचा. स्क्रीन म्हणजे तेव्हा ८० कॉलम आणि २५ ओळी, सगळी मिळून २००० अक्षरं, ती एकामागून एक प्रिंटरला पाठवायची, संपलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रर्र करत कागद बाहेर टाकायचा. विंडोज आल्यावर स्क्रीनवर अक्षरांऐवजी चित्र आलं आणि त्याच बटणाला प्रिंटरऐवजी क्लिपबोर्ड जोडला गेला. काम बदललं, पाटी तीच राहिली, गावात कसं टॉकीज पाडून मॉल झाला तरी स्टॉपचं नाव टॉकीजच असतं. त्याच बटणावर खाली कधीकधी सिसआरक्यू असं पण लिहिलेलं दिसतं, तो सिस्टिम रिक्वेस्टचा, वेगळाच संसार, तुम्हा-आम्हाला त्याचं काही काम पडत नाही.

चला, विंडोजवर. नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की पूर्ण स्क्रीन मुठीत. दोन मॉनिटर लावले असतील तर दोन्ही, एकाला एक चिकटून लांबलचक पट्टी येते. ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की फक्त समोर उघडी असलेली विंडो मुठीत, मागचा डेस्कटॉप, टास्कबार वगैरे काही नाही. हे दुसरं फार कमी लोकांना माहितीये आणि ऑफिसच्या कामाला तेच जास्त उपयोगी, कारण समोरच्याला तुमच्या डेस्कटॉपवरचा मुलीचा फोटो बघायचा नसतो. आणि विंडोजचं बटण धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की स्क्रीन क्षणभर काळपट होते, पापणी लवल्यासारखी, आणि चित्र फाइल होऊन पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जाऊन बसतं. हे विंडोज ८ पासून आहे. एखाद्या व्हिडिओ क्लासचे स्लाइड एकापाठोपाठ एक धरायचे असतील तर हेच वापरा, कारण मुठीत एकच मावतं आणि फोल्डरमध्ये हवी तेवढी, आणि प्रत्येकाला नाव द्यायची भानगड नाही, नंबर आपोआप पडत जातात.

पण खरं सांगू का, मी स्वतः दिवसभरात यातलं काहीच फारसं वापरत नाही. मी वापरतो विंडोज + शिफ्ट + एस. एकच शॉर्टकट लक्षात ठेवायचा असेल तर हाच ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. डाव्या हाताची तीन बोटं, विंडोज आणि शिफ्ट धरून ठेवायचं, एस टिचकी मारल्यासारखं दाबायचं. स्क्रीन मंद होते, वर एक छोटी पट्टी येते, माउसच्या बाणाचं अधिक चिन्ह होतं. जेवढा तुकडा पाहिजे त्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत माउस ओढायचा आणि सोडायचा. सोडलं की तुकडा मुठीत. चुकलं, मन बदललं, तर एस्केप. वरच्या पट्टीत चौकोनाऐवजी आख्खी विंडो किंवा आख्खी स्क्रीन किंवा हाताने वेडंवाकडं कापायची पण सोय आहे, ते वेडंवाकडं कशाला दिलंय मला आजपर्यंत कळलेलं नाही.

यात एक गंमत लक्षात घ्या. स्क्रीन मंद झाली तेव्हाच पूर्ण चित्र निघालेलं असतं, तुम्हाला दिसतं ते गोठलेलं चित्र आणि तुम्ही त्यातूनच तुकडा कापता. म्हणून घाई करायचं कारण नाही, सावकाश कोपरा जुळवा, मागे काही हलत नाहीये. पण याचाच त्रास पण होतो कधी, म्हणजे माउस नेल्यावरच उघडणारा एखादा मेनू असतो, तो शॉर्टकट दाबायच्या आत मिटून जातो. त्यासाठी विंडोजमधलंच स्निपिंग टूल नावाचं ॲप उघडायचं, त्यात डिलेची सोय आहे, ३, ५ किंवा १० सेकंद. वेळ लावायची, जाऊन मेनू उघडून बसायचं आणि वाट बघायची, जुन्या कॅमेऱ्याला टायमर लावून पळत जाऊन फॅमिलीत उभं राहायचो तसं.

आता तुकडा काढल्यावर तो जातो कुठे, तर इथे विंडोज १० आणि ११ मध्ये फरक आहे आणि लोकांचा सगळ्यात जास्त वेळ यात जातो. १० मध्ये तो फक्त मुठीत जातो, कोपऱ्यात एक नोटिफिकेशन येतं, त्यावर क्लिक करून तुम्ही सेव्ह केलं तरच फाइल होते, नाहीतर नाही. ११ मध्ये मुठीत तर जातोच पण त्याची एक फाइलसुद्धा आपोआप स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये पडते. म्हणजे ११ वापरणाऱ्यांनो, एकदा तो फोल्डर उघडून बघा, तुम्ही वर्षभरात कापलेले सगळे तुकडे तिथे पडलेले असतील, बँकेच्या पासबुकापासून मिशोच्या कुर्त्यांपर्यंत. ऑफिसचं मशीन दुसऱ्याला द्यायच्या आधी तेवढं साफ करा.

आणि ११ मध्ये अजून एक उलथापालथ झालीये, २०२३ पासून. नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तरी पूर्ण स्क्रीन कॉपी न होता ती वरची पट्टीच येते. ज्यांना वर्षानुवर्षं "दाब आणि पेस्ट कर"ची सवय होती ते वैतागले. पूर्वीसारखं पाहिजे असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे प्रिंट स्क्रीनच्या बटणाने स्क्रीन कॅप्चर उघडायचं अशा अर्थाचा एक स्विच आहे, तो बंद करा. आत्याच्या मशीनवर तो स्विच आधीच बंद होता, म्हणून तर सगळा घोटाळा झाला, चालू असता तर निदान काहीतरी झाल्यासारखं तरी दिसलं असतं.

लॅपटॉपवाल्यांची वेगळी कटकट. जागा कमी म्हणून एका बटणावर दोन-दोन कामं लादलेली असतात, प्रिंट स्क्रीन एखाद्या दुसऱ्या बटणाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते चालायला एफएन धरावं लागतं. काहींवर ते बटण नसतंच. म्हणून पण मी विंडोज + शिफ्ट + एस म्हणतो, ती तीन बटणं जगातल्या कुठल्याही विंडोज लॅपटॉपवर सापडतात.

मूठ एकच आणि वस्तू एकच असं मी म्हटलं, पण त्यावरही उपाय निघालाय. विंडोज + व्ही दाबून बघा. पहिल्यांदा ते विचारेल चालू करू का, हो म्हणा. मग तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी यादीत दिसतात, मजकूर पण आणि चित्रं पण. म्हणजे आधी पाच तुकडे कापून घ्यायचे आणि मग वर्डमध्ये जाऊन एकेक पेस्ट करायचा, सारखी ये-जा नको. मशीन रीस्टार्ट केलं की यादी पुसली जाते, पिन केलेलं तेवढं राहतं. फक्त एवढं ध्यानात असू द्या की तुम्ही कुठून पासवर्ड कॉपी केला असेल तर तो पण त्या यादीत उघडाबोडका दिसतो, सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या मशीनवर हे चालू करू नका.

फाइल सापडत नाही अशी तक्रार असेल तर अजून दोन ठिकाणं बघायची. एक वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन तिजोरी. मशीन नवीन घेतलं तेव्हा नेक्स्ट-नेक्स्ट करताना फोल्डरचा बॅकअप चालू झालेला असतो, मग तुमचा पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जातो आणि स्क्रीनशॉट्स त्याच्यासोबत. दुसरं म्हणजे गेम खेळणारी पोरं, विंडोज + ऑल्ट + प्रिंट स्क्रीन दाबून काढलेलं चित्र पिक्चर्समध्ये जातच नाही, ते व्हिडिओजमधल्या कॅप्चर्स फोल्डरमध्ये जातं. चित्र व्हिडिओच्या फोल्डरमध्ये का, तर ते गेमचं रेकॉर्डिंग करणाऱ्या गेम बारचं काम आहे म्हणून. असो.

मॅकवर नेमकं उलटं आहे. तिथे मुळात फाइल होते आणि ती डेस्कटॉपवर समोर येऊन पडते, मुठीत पाहिजे असेल तर जास्तीचं कंट्रोल धरावं लागतं. कमांड + शिफ्ट + ३ म्हणजे पूर्ण स्क्रीन, कमांड + शिफ्ट + ४ म्हणजे ओढून तुकडा, आणि ४ नंतर स्पेसबार दाबला की बाणाचा कॅमेरा होतो, ज्या विंडोवर टिचकी माराल ती आख्खी विंडो येते, सावलीसकट, सावली नको असेल तर ऑप्शन धरून टिचकी. तुकडा ओढताना मध्येच स्पेसबार धरला की आख्खा चौकोन उचलून सरकवता येतो, हे विंडोजवाल्यांनी उचलायला पाहिजे होतं. २०१८ मध्ये मॅकचं मोजावे व्हर्जन आलं तेव्हापासून कमांड + शिफ्ट + ५ पण आहे, त्यात सगळं एका पट्टीत मिळतं, रेकॉर्डिंगसकट. उबुंटूवाले, म्हणजे लिनक्सवाले, बहुतेक हा लेख वाचत नसतील, तरी सांगतो, २२.०४ पासून प्रिंट स्क्रीन दाबलं की मस्त खिडकी येते, तुकडा निवडून एंटर, चित्र मुठीत पण जातं आणि फाइल पण होते. दोन्ही. इतकं साधं मॅकवाल्यांना का सुचलं नाही कोण जाणे.

आता एक प्रश्न हमखास येतो. पानच लांब आहे, खाली स्क्रोल करावं लागतं, आख्खं एका चित्रात कसं घ्यायचं? विंडोजच्या शॉर्टकटने नाही येत, कारण त्याला तेवढंच दिसतं जेवढं स्क्रीनवर रंगवलेलं आहे, खालचं अजून रंगवलेलंच नाही. पण ब्राउझरला आख्खं पान माहिती असतं. म्हणून हे काम ब्राउझरकडून करून घ्यायचं. फायरफॉक्समध्ये आणि एजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एस दाबलं की पूर्ण पानाचा पर्याय मिळतो. क्रोममध्ये जरा वळसा आहे, कंट्रोल + शिफ्ट + आय दाबून डेव्हलपरवाली खिडकी उघडायची, मग कंट्रोल + शिफ्ट + पी, तिथे इंग्रजीत स्क्रीनशॉट टाइप करायचं, फुल साइझवालं निवडायचं. पहिल्यांदा भीती वाटते, कोड दिसतो म्हणून, पण काही बिघडत नाही. मात्र पावती किंवा भरलेला फॉर्म असेल तर चित्र काढूच नका, कंट्रोल + पी करून पीडीएफ सेव्ह करा, त्यातला नंबर नंतर कॉपी तरी करता येतो.

त्यावरून आठवलं. एररची छोटी चौकोनी खिडकी येते ना, ओके लिहिलेली, विंडोजची साधी असेल तर ती समोर असताना नुसतं कंट्रोल + सी दाबा आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. आतला सगळा मजकूर अक्षरांत येतो! स्क्रीनशॉटपेक्षा भारी, कारण मला तो एरर नंबर परत टाइप करावा लागत नाही. हे मी ज्याला ज्याला दाखवलं तो म्हणाला, इतकी वर्षं का नाही सांगितलं.

पण मराठीच्या बाबतीत उलटं होतं कधी. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी म्हणा, कृतिदेव म्हणा, टाइप केलेली पत्रिका असेल आणि तो मजकूर कॉपी करून पाठवला तर समोरच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्याच्याकडे तो फॉन्ट नाही. तिथे चित्रच पाठवायचं, कारण चित्राला फॉन्ट लागत नाही, जे दिसतंय ते दिसतंय. लग्नपत्रिकेचं प्रूफ म्हणूनच नेहमी चित्र होऊन येतं.

आणि येतं ते धुरकट येतं, त्याचं कारण बघा. स्क्रीन १९२० बाय १०८० ची धरली तर ठिपके झाले २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ४ बाइट धरल्या तर ८२ लाख ९४ हजार बाइट, म्हणजे ८ एमबीच्या आसपास, हे मुठीतलं कच्चं चित्र. फाइल करताना विंडोज ते पीएनजी नावाच्या फाइल-प्रकारात बांधतं. पीएनजीची पद्धत साधारण अशी की एकसारखं पुन्हापुन्हा येणारं सगळं थोडक्यात लिहायचं, "इथून पुढे चारशे ठिपके पांढरेच" असं, आणि एक्सेलसारख्या स्क्रीनवर पांढरंच जास्त असल्याने ८ एमबीचे बऱ्याचदा काहीशे केबी होतात, आणि एकही ठिपका हरवत नाही. जेपीजी हा फाइल-प्रकार वेगळा, ते ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन घेतं आणि डोळ्याला फारसं कळणार नाही असं वाटतं ते टाकून देतं. डोंगराच्या किंवा माणसाच्या फोटोत खरंच कळत नाही. पण अक्षराची कड म्हणजे पांढऱ्यावरून काळ्यावर सरळ उडी, तिथे जेपीजी अडखळतं आणि अक्षराभोवती माशा बसल्यासारखे ठिपके येतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की हेच होतं. आणि आपल्या लिपीत आधी जातं काय, तर अनुस्वार. मग रफार. रकमेतला दशांश चिन्हाचा ठिपका तर सगळ्यात आधी. म्हणून आकडे असलेला स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच्या तसा जातो.

काळं चित्र येणं हा पुढचा विषय. ओटीटीवरचा सिनेमा चालू असताना स्क्रीनशॉट घेतला तर व्हिडिओच्या जागी काळा चौकोन येतो, बाकीचं सगळं नीट. मशीन बिघडलेलं नसतं. तो व्हिडिओ कुलूपबंद येतो आणि त्याचं कुलूप अगदी शेवटी अशा वाटेने उघडतं की स्क्रीनचं चित्र काढणाऱ्याला तिथे मुद्दाम काही मिळू दिलं जात नाही. मोबाइलवर बँकेच्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट निघत नाही त्यामागे पण असाच विचार, ॲपनेच सांगून ठेवलेलं असतं की माझं चित्र काढू देऊ नका. विंडोज एक्सपीच्या काळात तर धमाल व्हायची, प्लेअरचा स्क्रीनशॉट पेंटमध्ये पेस्ट केला की त्या चित्रात सिनेमा चालू दिसायचा! चित्रात व्हिडिओच्या जागी एक ठरावीक रंग आलेला असायचा, आणि ग्राफिक्स कार्डला सांगितलेलं असायचं की हा रंग दिसेल तिथे सिनेमा दाखव, ते बिचारं पेंटमध्ये पण दाखवायचं. प्लेअर बंद केला की काळा चौकोन.

पाठवायच्या आधी चित्राच्या कडा बघायची सवय लावा. मजकूर बघून आपण पाठवतो आणि समोरचा वर उघडे असलेले टॅब वाचतो, नोकरी शोधताय वगैरे. आधार किंवा खात्याचा नंबर झाकायचा असेल तर धूसर करू नका, चौकोनी ठोकळ्यांचं मोझॅक पण नको, कारण आकडे दहाच आहेत आणि प्रत्येकाचं मोझॅक कसं दिसेल ते करून बघता येतं, जुळलं की नंबर कळला. मोबाइलच्या मार्करने काळं फासलं तर तो मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचं वर येतं. पेंटमध्ये पूर्ण काळा भरीव चौकोन काढा, मग सेव्ह करा.

कापून टाकलेला भाग तरी खरंच जातो का? आता जातो. पण २०२३ च्या मार्चमध्ये उघड झालं की गुगलच्या पिक्सेल फोनमधलं चित्र कापायचं मार्कअप आणि विंडोज ११ चं स्निपिंग टूल, आणि १० मधलं त्याचं भावंड, कापलेलं चित्र त्याच फाइलवर सेव्ह केलं की जुन्या फाइलचा शेपटाकडचा भाग तसाच ठेवत होते. फळ्यावर लांब वाक्य लिहिलेलं आहे, त्यावर न पुसता छोटं वाक्य लिहिलं, तर मागचं शिल्लक राहणारच की. चित्र उघडल्यावर दिसायचं फक्त छोटं, पण फाइलमध्ये खोदलं तर कापलेल्यातलं बरंच परत मिळायचं. ॲक्रोपॅलिप्स असं नाव पडलं त्या भानगडीला. दोघांनीही अपडेट देऊन दुरुस्त केलं, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली अजून कुठेकुठे पडलेल्या असतील त्या तशाच. विंडोज + शिफ्ट + एसने आधीच छोटा तुकडा कापून थेट पेस्ट करणाऱ्याला याचा त्रास झाला नाही, कारण तिथे मोठी फाइल कधी बनलीच नव्हती.

आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट कोणी दाखवला म्हणून माल सोडू नका. ब्राउझरमध्ये राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि ५०० चे ५०,००० करायला माझ्या भाच्याला दहा सेकंद लागली, वेबसाइटवर काही बदलत नाही पण चित्र अस्सल दिसतं. खात्यात आले का ते स्वतःच्या ॲपमध्ये बघायचं.

तर आत्या. परवा तिचा मेसेज आला, एक्सेलचा तुकडा, नेमका तेवढाच चौकोन, कडा सरळ, अनुस्वार जागेवर, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला. मी खूश, लगेच फोन केला, म्हटलं आत्या, एक नंबर. ती म्हणाली, "ते राहू दे, मला सांग, आता हे प्रिंट कसं करायचं? बटणावर तर प्रिंट लिहिलंय."